शेपटीकडचं पोतं

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत होतं – तिच्यासमोर घडलं तेवढं – आणि त्यावर ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आज तुम्हाला सांगतोय. आजच का? ते मलाही नीट ठाऊक नाही.

आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. त्या वर्षी कळंबच्या बाजूला भातावर तुडतुडे पडले. हिरवी शेतं मधूनच जळाल्यासारखी दिसायला लागली, आणि औषध फवारायला मुंबईच्या एका कंपनीचं हेलिकॉप्टर आलं. मी मॅट्रिक झालेला, तिशीला टेकलेला, घरच्या भातशेतीत मन न रमणारा. कंपनीनं मला हंगामापुरतं घेतलं. शेताच्या टोकाला पांढरा झेंडा धरून उभं राहायचं, म्हणजे कुठवर फवारायचं ते वरून दिसतं – एवढंच काम. औषध अंगावर पडायचं. पडू दे, म्हणायचो. नोकरी कायम झाली पाहिजे, बस.

हेलिकॉप्टर चालवायचे कॅप्टन दातार. किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांच्याबरोबर शिर्के मिस्त्री – साताऱ्याकडचा, यंत्राची सगळी दुरुस्ती त्याच्याकडे. तो मोठ्यानं हसायचा, दुपारी आमच्याकडे जेवायचा, माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा. मला दादा म्हणायचा – माझ्याहून वयानं मोठा असून.

कॅप्टन एका गोष्टीला फार जपायचे. वजन. हेलिकॉप्टर उतरायचं त्या माळावर त्यांनी भातगिरणीतला काटा आणून ठेवला होता. औषध, पेट्रोल, माणूस – काहीही त्यावर चढल्याशिवाय हेलिकॉप्टरमध्ये जायचं नाही. आम्ही हसायचो. मग एकदा आमच्यातल्या एका झेंडेवाल्यानं जेवणाची पिशवी शेपटीच्या दांड्याला अडकवली. कॅप्टन किती संतापले! नंतर शांत झाले, एक काठी मधोमध दोरीनं बांधून त्यांनी हवेत धरली. काठी आडवी राहिली. एका टोकाला त्यांनी छोटासा खडा बांधला – काठी लगेच कलली.

"किती वजन आहे एवढंच नाही बघायचं," ते म्हणाले. "कुठं आहे तेही बघायचं. हे सगळं यंत्र वरच्या पात्यांना टांगलेलं असतं. मधोमध ठेवलेलं ओझं ते सहज उचलतं. तेवढंच शेपटीकडे ठेवा – मग मी काही करू शकत नाही."

मी अगदी समोर उभा होतो. मला समजलं होतं. पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, की खेड्यातल्या माणसाला यातलं काय कळणार? पण कळलं होतं हो. चांगलं कळलं होतं.

आमच्याकडचं काम संपलं. हेलिकॉप्टर आता खालापूरच्या बाजूला जाणार होतं. अवजारं आणि औषधाचे डबे घेऊन जीप सकाळीच पुढे गेली होती. मागे राहिले कॅप्टन, शिर्के आणि आवरासावर करायला मी. बायको डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन माळावर आली. तीसेक किलोचं असेल.

"साहेब, घरचं तांदूल हाय," ती म्हणाली. "एवढं न्या."

"वहिनी, जीप असती तर नक्की नेलं असतं. यात नको. वजन होतं." कॅप्टन हसून म्हणाले आणि नकाशा घेऊन झाडाखाली बसले.

ती माझ्याकडे वळली. "असं कसं रिकामं पाठवायचं? लाजून नाय म्हनतात ते. तुमच्या नोकरीचं बोलनार हायेत ना?"

तिला दोष देत नाही. काठी आणि खडा तिनं पाहिला नव्हता. मी पाहिला होता.

शेपटी जिथून सुरू होते तिथं अवजारांची पत्र्याची पेटी होती. त्या दिवशी ती रिकामी होती. मी पोतं उचललं, पेटीत ठेवलं, वरून एक फडकं टाकलं. मनात काय होतं? खालापूरला पेटी उघडतील, तांदूळ दिसेल, माझी आठवण येईल. मुंबईला कुणापाशी तरी माझं नाव निघेल. एवढंच होतं मनात. आणि खडा? तो आठवला. खरंच सांगतो, पोतं ठेवताना आठवला. एवढ्याशानं काय होतंय, म्हटलं.

तेवढ्यात शिर्के आला. "काय करताय दादा?"

"काय नाय रं. फडकं ठेवलं आत."

त्यानं पेटीची कडी स्वतः लावली. उघडून पाहिलं नाही. मी सांगितलं होतं ना.

दोघं आत बसले. बघायला जमलेल्या गावकऱ्यांना कॅप्टननी नेहमीप्रमाणे दोरीपलीकडे, लांब उभं केलं होतं. आग विझवायच्या वाळूची बादली घेऊन जवळ उभा फक्त मी. पाती फिरली. हेलिकॉप्टर गुडघाभर वर गेलं – आणि नाक वर झालं. आणखी वर. शेपटी खाली. कॅप्टन हातातली चालवायची काठी पुढे रेटताना मला काचेतून दिसत होते. हेलिकॉप्टर मागे मागे सरकत चाललं, माळ संपून भातखाचराकडे. शेपटीचं छोटं पातं बांधावर आदळलं. मग सगळं गरगरलं, आणि ते आडवं होऊन भातात पडलं.

मी धावलो. पहिला मीच पोहोचलो. तिथं मी काय केलं ते – थांबा, आधी पुढचं सांगतो.

कॅप्टन बाहेर फेकले गेले होते. पाय मोडला, शुद्ध गेली, पण वाचले. शिर्के गेला. चौकशी झाली. खालापूरला एका खोलीत मुंबईहून आलेल्या साहेबांनी मला विचारलं, मागच्या पेटीत काही होतं का? रिकामी होती, मी म्हणालो. अवजारं जीपनं गेली होती, ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली.

नंतर कॅप्टननी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. पाय टांगलेला. डोळे खोल गेलेले.

"काठी पूर्ण पुढे होती," ते म्हणाले. "पूर्ण. तरी नाक खाली येईना. असं होत नाही. तू मागे काही ठेवलं होतंस का? मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे."

"नाय साहेब."

त्यांनी नजर टांगलेल्या पायाकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे माझंच चुकलं असणार."

चौकशीतही तेच ठरलं. कॅप्टन दातार पुन्हा कधी उडाले नाहीत. आणि मला नोकरी मिळाली. कंपनीतल्या एका कारकुनानं सहज सांगितलं – कॅप्टननी माझ्यासाठी शब्द आधीच टाकला होता, अपघाताच्या कितीतरी आधी. पोत्याची गरजच नव्हती. ती नोकरी मी केली. निवृत्त होईपर्यंत केली.

तुम्हाला वाटेल, झालं, हेच ते. नाही. हे तर मी कदाचित कधीतरी बोलूनही गेलो असतो.

मी पहिला पोहोचलो तेव्हा शिर्के सांगाड्याखाली होता. पालथा. तोंड खाचराच्या पाण्यात – वीतभरसुद्धा नसेल ते पाणी. त्याचा हात हलत होता. चिखलात बोटं रुतवून तो स्वतःला उचलायला बघत होता. हे मी पाहिलं. आणि त्याच्या पलीकडे फुटलेली पेटी पाहिली, भातात पडलेलं पोतं पाहिलं. मागून लोक ओरडत येत होते.

मी त्याला ओलांडून पुढे गेलो. पोतं ओढलं, बांधापलीकडच्या ओहोळात लोटलं. सांडलेला तांदूळ पायानं चिखलात दाबला. नीट दाबला – कडेकडेनं, सगळीकडे. मग मागे वळलो. तेव्हा हात हलत नव्हता. लोक आले, आम्ही सांगाडा उचलला, त्याला पालथ्याचा उताणा केला. सगळ्यांत मोठ्यानं मी रडलो.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, मार फारसा नव्हता. पाण्यानं गेला. तोंड तेवढं वर धरायला कुणी असतं तर, म्हणाले.

लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.