ॲव्हरेजची टिक

प्राचार्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"वाच," म्हणले. "काय लिहिलंय ते वाच."

इंग्रजी होतं. मी सातवी शिकलेली. मराठी वाचते, पेपर वाचते, एसटीची पाटी वाचते. इंग्रजी येत न्हाई.  हाताला पीठ लागलेलं, ते मी पदरानं पुसत होते. स्टाफरूममध्ये पाच-सहा मास्तर बसलेले.

"वाचता येत नाही अन् शिफारसपत्र मागायला आली," प्राचार्य म्हणले. "हे रेशन कार्डाचं काम आहे का? कोणतं विद्यापीठ आहे ते तरी ठाऊक आहे का तुला?"

एक मास्तर हसला. बाकीच्यांनी खाली बघितलं. हसणाऱ्यापेक्षा खाली बघणाऱ्यांचा मला जास्त राग आला.

मी म्हणलं, "सर, लेकरानं फॉर्म भरलाय. तुमच्या मेलवर लिंक आलीय म्हणती. तुमी दोन शब्द लिहिले की होतंय."

"बघू. गुरुवारी हिंगोलीला घरी ये. उद्यापन आहे, आमच्या मंडळींना हाताखाली कुणी नाही. पोरीलाही आण. लॅपटॉप घरीच आहे."

मी हो म्हणलं. वरून हातबी जोडले.

मी त्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होते. सेनगाव तालुक्यात, माळावर आहे शाळा. नेमणूक काही न्हाई, रोजंदारीवर मदतनीस. आमी तांड्यावरचे. दिवाळी झाली की नवरा टोळीसंगं ऊस तोडायला कर्नाटकात जातो. आधी मीबी जायची. काजल चौथीत गेली तवा मी कोयता सोडला अन् शाळेच्या स्वयंपाकघरात आले. मी तिथं राहिले की लेकरू शाळेत राहतंय, एवढाच विचार.

काजल माझी थोरली. गणितात तिचं डोकं काही निराळंच. सहावीत असताना ती भाताच्या मोठ्या पातेल्याला वीत लावायची, काडीनं मातीत काहीतरी मांडायची अन् सांगायची, "याडी, इथवर पानी घाल. एवढे तांदूळ टाक. समद्यांना पुरंल, उरायचं न्हाई." आमच्यात आईला याडी म्हणतात. मी तसंच घालायची. पुरायचं. उरायचं न्हाई.

बारावीला तिला शेख मॅडम होत्या. सेनगावच्या, वयानं लहान, तासिकेवर गणित शिकवायच्या. हे विद्यापीठ त्यांनीच शोधलं. दिल्लीकडचं. तिथं घेतलं तर राहणं, खाणं, फी, सगळं तेच बघतात. पण घेतात मूठभर. देशातून पोरं अर्ज करतात. मार्क लागतात, स्वतःचा निबंध लागतो, अन् दोन पत्रं. एक विषयाच्या मास्तरचं, एक शाळेच्या प्रमुखाचं.

सुट्टीच्या दिवशी काजल जीपनं सेनगावला मॅडमच्या घरी जायची. त्यांच्या लॅपटॉपवर तिनं निबंध लिहिला. पातेल्याचा. लिहिता लिहिता तिला कळलं की ती काडीनं मांडायची त्याला पुस्तकात मोठं नाव आहे, ते करायला लोक कॉलेजात जातात. घरी येऊन लई हसली. मला ते नाव चार वेळा म्हणून दाखवलं. माझ्या ध्यानात राहिलं न्हाई.

मॅडमनी त्यांचं पत्र एका दुपारच्या सुट्टीत लिहून पाठवलं. मला म्हणल्या, "मावशी, मी लिहिलं की मी फळ्यावर चुकले तर ही पोरगी मला थांबवते, अन् दर वेळी तिचंच बराबर असतं." बास, एवढंच. मला वाटलं पत्र म्हणजे एवढंच असतंय. ज्याला ठाऊक आहे त्यानं जे ठाऊक आहे ते लिहायचं.

गुरुवारी आमी दोघी सकाळच्या एसटीनं हिंगोलीला गेलो. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार.

सरांच्या मंडळींनी मागच्या दारानं आत घेतलं. "नैवेद्याचं माझं मी करते," म्हणल्या. "तू बाकीच्या पोळ्या लाट." मी मागच्या पडवीत शेगडीपाशी बसले. काजलला त्यांनी ताटं पुसायला लावली, मंग पाट मांडायला, मंग सवाष्णींच्या हातावर पानी घालायला. मधून मधून दिवाणखान्यात बघायची, लॅपटॉप दिसतोय का म्हणून.

तीन वाजले. सर जेवून, जरा पडून उठले. मंग तिला हाक मारली.

"मला ते इंग्रजी टायपिंग जमत नाही," म्हणले. "तूच बस. मी सांगतो, तू लिही."

सर सोफ्यावर. काजल खाली, टीपॉयपाशी मांडी घालून. मी पान्याचा तांब्या घेऊन गेले अन् दारातच थांबले. लेकीचं पत्र निघून राहिलंय, बघावं म्हणलं.

काजलनं वाचलं. "सर, इथं विचारलंय, विद्यार्थ्याची बुद्धी कशी आहे. एक्सलंट, गुड, ॲव्हरेज. एकावर टिक करायची आहे."

"ॲव्हरेज कर."

काजलचं बोट थांबलं. "सर, गणितात मला..."

"तू आपल्या शाळेत पहिली. शाळा कोणती? आश्रमशाळा. तिथं देशातली पोरं येतात. मी एक्सलंट म्हणायचं अन् तू तिथं जाऊन आपटायची. नाव कुणाचं खराब होईल? ॲव्हरेज कर."

रागानं न्हाई म्हणले. मायेनं समजवावं तसं म्हणले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आमच्या लेकरांत त्याच्यावर काही असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

काजलनं टिक केली.

"विचार मांडण्याची क्षमता?"

"ॲव्हरेज."

"स्वतःहून शिकण्याची वृत्ती?"

"तेच कर."

"वागणूक?"

"हां, तिथं एक्सलंट कर. तू आज्ञाधारक आहेस. तुझी आई पण आज्ञाधारक आहे." असं म्हणून माझ्याकडं बघून हसले. अन् मीबी हसले. ते मला आज लई लागतंय. मीबी हसले.

मंग खाली चार ओळी लिहायच्या होत्या. सर मराठीत सांगायचे, काजल त्याचं इंग्रजी करून टाईप करायची. "विद्यार्थिनी गरीब व मागास कुटुंबातील आहे. तिची आई आमच्याकडे स्वयंपाकाचे काम करते. विद्यार्थिनी नम्र असून घरकामात निपुण आहे. तरी तिचा सहानुभूतीने विचार व्हावा."

गणिताचं नाव न्हाई. एक अक्षर न्हाई.

मधीच काजल थांबली. मागासला कोणता शब्द घालायचा ते तिला समजंना. सरांनी सांगितला. तिनं तो घातला.

मी म्हणलं, "सर, ॲव्हरेज म्हणजे काय?"

मला ॲव्हरेज मोटारसायकलचं ठाऊक होतं. गाडी ॲव्हरेज किती देते, ते.

सर म्हणले, "म्हणजे मधलं. साधारण. ना हुशार, ना ढ."

मी काजलच्या बोटांकडं बघितलं. मुकादमानं मला लई शिव्या दिल्यात. मोळी उशिरा बांधली म्हणून, लेकराला पाजायला बसले म्हणून. त्या मी ऐकल्यात अन् सोडून दिल्यात. शिवी बाहेरून येते, झटकता येते. हे तसं नव्हतं. हिला हिच्याच हातानं लिहायला लावून राहिले होते की तू साधारण आहेस. एकदा न्हाई. खाली खाली, दर ओळीला. अन् ती शहाण्या पोरीसारखी लिहून राहिली होती.

"काजल, ऊठ."

"याडी, थांब ना. झालंय. नुसतं पाठवायचं राहिलंय."

"ऊठ म्हणले ना."

सरांनी वर बघितलं.   मी म्हणलं, "सर, माझी लेक साधारण न्हाई. साधारण असती तर मी तिला तुमच्या दारात आणली नसती. ती गणितात कशी आहे तेवढं लिहा. न्हाईतर काहीच लिहू नका."

 सरांनी वाकून लॅपटॉप मिटला. "बरं," म्हणले. "नाही लिहीत."

एवढंच. ओरडले न्हाईत, हाकललं न्हाई.

त्यांच्या मंडळी दारात आल्या. "अगं, पण भांडी राहिलीत ना!"

मी भांडी तशीच सोडली. समोरच्या दारानं ताठ निघून जायला पाहिजे होतं, असं आता वाटतंय. पण चपला मागच्या दाराला होत्या अन् दुसरा जोड नव्हता. म्हणून मागूनच निघाले.

एसटीत काजल खिडकीकडं तोंड करून बसली. सेनगाव आलं तवा बोलली.

"तुझं काय जात होतं? टिकच होती ना."

मी तिकिटाची घडी घालत बसले.

"ते वाचणारे लोक शहाणे असतेत, याडी. त्यांनी मॅडमचं पत्र वाचलं असतं. माझा निबंध वाचला असता. ॲव्हरेज तर ॲव्हरेज. फॉर्म पुरा तर झाला असता. आता काय आहे? काहीच न्हाई."

 

शुक्रवारी आमी शेख मॅडमकडं गेलो. त्यांनी त्या विद्यापीठात फोन लावला. पत्र प्रमुखाचंच लागंल, म्हणले. मॅडमनी मंग सरांना फोन केला. सरांनी उचलला न्हाई. काजलला सरांच्या मेलचा पासवर्ड ठाऊक झाला होता, काल तिनंच तो टाकला होता. मीच म्हणलं, "उघड अन् भरून टाक. एक्सलंट कर समदं. कुणाला कळतंय?"

काजल माझ्याकडं बघत राहिली. "काल खोटं नको म्हणून उठवलंस. अन् आज दुसऱ्याच्या नावानं मीच माझं चांगलं लिहू?"

 मी खाली बघितलं. स्टाफरूममधल्या मास्तरांसारखंच.

शनिवार गेला. अर्ज अपुरा, म्हणून एका ओळीचा मेल आला. निबंध कुणी वाचला का न्हाई, ते कधी कळायचं न्हाई.

सोमवारी शाळेत गेले तर क्लार्कनं गेटपाशीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. काजलची बारावी तेवढी होऊ दिली. पुढच्या वर्षी शेख मॅडमला तासिका दिल्या न्हाईत. त्यांचं कारण दुसरं सांगितलं. नवरा टोळीतून आला, त्याला समदं कळलं. तो म्हणला, "सरांचे पाय धर. अजून धर." मी धरले न्हाईत. तो आठ दिवस माझ्या हातचं जेवला न्हाई.

आता मी सोयाबीन कापायला, कापूस येचायला जाते. काजल हिंगोलीला बीएस्सीला आहे. सकाळी जीपनं जाते, दुपारी येते. गणित घेतलंय. पण घरात गणिताचं नाव काढत न्हाई. परवा पाव्हणे आले होते, मोठं पातेलं चढवलं. मी विचारलं, किती पानी घालू? ती म्हणली, "अंदाजानं घाल." अन् बाहेर गेली.

लोक म्हणतात, तू ताठ बोललीस, लई बरं केलंस. काय बरं केलं? लेकीची वाट मी बंद केली. सरांनी अर्धी बंद केली होती, उरलेली मी. दोन्ही खरं आहे. मी कुणाला खोटं सांगणार न्हाई.

ह्या महिन्यात तो फॉर्म पुन्हा सुरू झालाय. बारावी होऊन एक वर्ष झालेल्यांना चालतंय, म्हणली काजल. पुढच्या वर्षी चालत न्हाई. पत्र त्याच शाळेच्या प्रमुखाचं लागतंय. प्रमुख तेच आहेत.

काल चुलीपाशी बसून ती म्हणली, "मी एकटी जाते सरांच्या घरी. माफी मागते. ते सांगतील ते टाईप करते. तू येऊ नको."

मी म्हणलं, "मी येणार."

"याडी, तू आलीस की पुन्हा तेच होईल."

होऊ दे. मला आशा न्हाई. सर लिहिणार न्हाईत, अन् लिहिलं तरी चांगलं लिहिणार न्हाईत. एवढ्या पोरांतून ते लोक हिलाच घेतील असंबी मला वाटत न्हाई. एवढं मला कळतंय.

पण घरी जायचं न्हाई. शाळेत जायचं, ऑफिसच्या टायमाला. मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसणार. बस म्हणले न्हाईत तरी बसणार. अन् सांगणार, सर, ॲव्हरेज लिहायचं तर लिहा. पण माझी लेक ते टाईप करणार न्हाई. तुमचं म्हणणं आहे, तुमच्या बोटांनी लिहा. येत नसंल तर शिका.