मनगटावरचं गोंदण

घड्याळाच्या दुकानात तवा मी व्हते, माझा लेक दत्ता, सून रेखा आन् घड्याळं इकणारी एक पोरगी. दत्तानं अट घातलेली. छातीचे ठोके बघणारं घड्याळ हाताला बांधशील तरच गावी एकटी राहा, न्हायतर शहरात आमच्यापाशी चल. मी म्हणलं, बांध बाबा.

पोरीनं एकामागं एक घड्याळं बांधून बघितली. एकातबी आकडा उठंना.

"आई, जिती हायेस नव्हं?" दत्ता म्हणाला, पर त्याचं तोंड उतरलं व्हतं.

"मेले असते तर तुझी अट ऐकली असती व्हय?"

पोरगी म्हणाली, "आजी, गोंदणामुळं होतंय. त्या हिरव्या रंगातनं घड्याळाचा उजेड आत जात नाही."

मी गोंदणाकडं बघत बसले. दुष्काळात आम्ही मायलेकी रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. माझं लगीन ठरलं तवा आईकडं गुंजभर सोनं नव्हतं. तिनं आपल्या वाटणीची भाकरी गोंदणाऱ्या बाईला दिली आन् मला म्हणाली, "ह्यो दागिना कुणी काढून घ्यायचा न्हाई." सुई टोचली तशी मी हात वढाय लागले. आईनं तो मांडीवर दाबून धरला. तिच्या तळव्याला खडीचे घट्टे पडलेले. ते मला अजून मनगटाला लागत्यात.

रेखानं पट्टा ढिला केला आन् घड्याळ गोंदणाच्या वर, कोपराकडं सरकवलं. जरा वेळानं आकडा उठला. दत्तानं तेच घेतलं आन् मला गावच्या गाडीत बसवून दिलं.

हे वाचणाऱ्याला एवढंच सांगणं हाय. आईला घड्याळ घेशील तर तिला संगं ने, आन् आधी तिचा हात हातात घेऊन बघ.