आसरांच्या राणीची परीक्षा अन् मी

माय, मी निघालो त्या सकाळी तू फाट्यापर्यंत आली होती. जेलातून सुटून पंधराच दिवस झाले होते. एकाचं डोकं फोडून सजा भोगलेला पोरगा म्हनून दुष्काळी कामावरचा मुकादमबी घेत नोता. बा म्हने, "जउळक्याहून गाडी धर, शहरात कोनी इचारत नाई." तू म्हनली, "पोचला की कळवजो."

तर पोचलो, पन शहरात नाई.

रस्त्यानं साऱ्या विहिरी कोरड्या, एकीतच पानी होतं. तिथं कोनी भरत काहून नाई, हे मी इचारलंच नाई. वाकून प्यालो अन् खाली ओढल्या गेलो. आसरांच्या, पान्यातल्या देवतांच्या, राज्यात. बा म्हनते आपन धर्म बदलला, आता आसरा मानत नाई. पन आसराइनं मले इचारलंच नाई मानतो का म्हनून.

इथं उजेड हिरवा हाये. सावली पडत नाई. ओढून आनलेल्या मानसाइची गिनती मात्र जेलासारखीच.

राणीची परीक्षा अशी, का डोळे मिटून उभं राहाचं. घरचा आवाज येते. ओ देल्ली तं पान्यात विरघळाचं, नाई देल्ली तं वर जायची मोकळीक. बाजूले मानोऱ्याच्या तांड्यावरची पारू होती. मले म्हने, "तू तं जेलवाला, तुले कोन बोलावते?" अन् हासली. मंग तिच्या मायचा आवाज आला. पारूनं ओ देल्ली. माह्या बाजूचं पानी जरासं कोमट झालं, बस.

मंग तुहा आवाज. "कुठी हायेस रे बाबू?" जेलात दोन वर्ष नंबरानंच बोलावत, नावाले ओ द्याची सवयच तुटली होती. ओठ हालले नाई. मी जितलो.

राणीले म्हनलं, "आवाज हुबेहूब काढता तुमी."

ती म्हने, "आमी कायले काढू? तुही मायच होती. तुले धुंडत सात दिवस काठावर येऊन राह्यली."

त्यानंतर तू आलीच नाई. ओ येत नाई तं कायले येशीन? पन जितलेल्यालेबी घरच्या मानसानं नाव घेतल्याबिगर वर जाता येत नाई; तवा ओ देल्ली तं तो विरघळत नाई, वर निंगते. आज एका जितलेल्या म्हाताऱ्याले त्याच्या लेकीनं बोलावलं, त्याच्याच हाती हे पत्र देऊन राह्यलो.

पह्यले घर म्हनलं का चूल, कवेलूचं छप्पर, बाचा खोकला आठवे. आता फक्त तो काठ आठवते, अन् त्यावर वाकलेली तू. बा नाई म्हनला तरी ये माय. दुपारची ये, तवा पानी शांत राह्यते. एकदा नाव घे. मी ओ देतो.