डावरीची पुढची चाकं

या सदरात लोक जे लिहितात ते मी सगळं वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करते. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, मागची सीट आपोआप ओली होणं, बंद गाडीचा हॉर्न वाजणं... अहो, दाराचं रबर गेलं की सीट ओली होते! रबर बदला, भूत पळतं. हॉर्नची वायर घासली की हॉर्न वाजतो. माझं आणि माझ्या नवऱ्याचं गॅरेज आहे, तीस वर्षं मी गाड्यांखाली आडवी होऊन काढली आहेत. लोखंडाला मन नसतं, हे मी हजार गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलंय.

तरी आज लिहायला बसलेय. कारण एक गोष्ट अशी आहे जिच्यात मला रबर सापडत नाही, वायर सापडत नाही, काही म्हणजे काही सापडत नाही!

साल १९८५. देवरुखपासून बारा-तेरा किलोमीटर आत, डोंगराच्या बाजूला आमची वाडी. नाव लिहीत नाही, निम्मी भावकी हे सदर वाचते आणि उरलेली निम्मी त्यांना विचारते. वाडी खोलगटात. घरं संपली की पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्याच्या पलीकडे लगेच घाटी. लाल मातीची, दोन वळणांची, उजव्या अंगाला सरळ खाली पऱ्यात जाणारी. घाटी चढलात की वर सडा, सपाट कातळ, आणि सड्यावरून पुढे डांबरी रस्ता. वाडीतले पुरुष बहुतेक सगळे मुंबईला. घरी बायका, म्हातारे, गुरं.

आणि आमच्याकडे जीप होती! हे वाक्य परत वाचा. ज्या वाडीत सायकली मोजून दोन, त्या वाडीत आमच्याकडे जीप!

बाबा वरघाटी, म्हणजे घाटावर देशाकडे, एका धरणाच्या कामावर कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होते. ही जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अशा गाड्या बोटी भरभरून आपल्याकडे आल्या आणि लढाई संपल्यावर मिलिटरीने लिलावात काढल्या. कोणी शिकारीला घेतल्या, कोणी चहाच्या मळ्यात नेल्या, कोणी कंत्राटदाराने धरणावर. पुढे तशाच जीपा आपल्याकडे बनायला लागल्या, पण आमची होती ती अस्सल परदेशी, म्हणून स्टेअरिंग डावीकडे. धरण संपलं, कंत्राटदाराने ती मोडीत काढली आणि बाबांना म्हणाला, तूच ने. बाबा दोन दिवस चालवत ती घरी घेऊन आले. स्टेअरिंग डाव्या हाताला बघून वाडीने तिचं नाव ठेवलं डावरी.

काय गाडी होती! दारं नाहीत, काच पुढे बॉनेटवर आडवी पडायची, बॅटरी नावाला, हँडल मारून चालू करायची. बॉनेट इतकं सपाट की आई त्यावर आमसुलं वाळत घालायची. वरचा निळा रंग खरवडला की खालून हिरवा निघायचा आणि एका जागी पांढऱ्या चांदणीचा कोपरा. मी तो कोपरा नखाने वाढवत बसायचे आणि शिव्या खायचे.

पण खरी गंमत खाली होती. साध्या गाडीला मागची दोन चाकं ढकलतात, पुढची नुसती गडगडत जातात. जीपला गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा असतो. तो टाकला की इंजिनचा जोर पुढच्या चाकांनाही जातो... मागची ढकलतात, पुढची ओढतात, आणि मग ती गाडी थांबतच नाही हो! आमच्या घरात त्या दांड्याला ‘पुढची’ म्हणायचे. ‘पुढची लाव’ म्हणजे दांडा टाक. बाबांनी मला एकोणिसाव्या वर्षी सड्यावर गाडी शिकवली. आई रोज कटकट करायची, पोरीला काय ड्रायव्हर करणार काय? बाबांची अट एकच होती, सडा तुझा, घाटी माझी. पावसाळ्यातल्या घाटीला मी कधी हात लावायचा नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मी संगमेश्वरला मामाकडे गेले होते, आठ दिवस राहिले आणि संध्याकाळी परत आले. परतीचा पाऊस रोज दुपारी येऊन घाटीचा नुसता काला करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बाबा बांधावर गवत कापत होते, आणि त्यांच्या घोट्याला फुरसं चावलं.

फुरसं म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. वीतभर साप, पण रक्त पातळ करतो. बाबा स्वतःच लंगडत घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “फुरसा होता.” अर्ध्या तासात पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखा झाला. मग ते थुंकले, तर थुंकीत रक्त. आईने तोंडाला पदर लावला. आदल्याच वर्षी वाडीतल्या एका बाईला असंच चावलं होतं, डोलीत घालून देवरुखला नेताना ती वाटेतच गेली होती. डोलीला चार तास लागतात. जीपला पाऊण तास लागतो, घाटी चढली तर. आणि गाडी चालवणारा माणूस ओट्यावर रक्त थुंकत बसलेला.

“मी नेते,” मी म्हणाले.

बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, मग उठायला हात पुढे केला.

हँडल मीच मारलं. तिसऱ्या झटक्याला डावरी सुरू झाली. बाबा माझ्या उजवीकडे, आई मागे त्यांना धरून. गवत कापायला आलेल्या सहा बायका खोचलेल्या लुगड्यांनिशी मागून धावत आल्या, त्यांत आमच्या शेजारची शेवंताकाकी सगळ्यात पुढे. पऱ्यात पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं, ते पार केलं. पहिलं वळण गेलं. आणि खरं सांगते, खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती! घाटी मी चढवतेय, मी!

दुसऱ्या वळणावर डावरी बसली.

मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. बायका मागून रेटत होत्या, चिखल खात होत्या, “रेट गो, रेट!” म्हणून एकमेकींवर ओरडत होत्या. शेवंताकाकी कडेला कापून ठेवलेले गवताचे भारे घेऊन पुढे धावली आणि पुढच्या चाकांसमोर टाकायला लागली. मी अॅक्सिलेटर दाबला तर गाडी वर जायचं सोडून हातभर मागे घसरली, उजवीकडे, पऱ्याच्या बाजूला. आई किंचाळली. मी ब्रेकवर उभी राहिले. बाबांच्या हनुवटीवर रक्ताची रेघ आली होती.

तेव्हा मला आठवलं. येडी कुठली, इतका वेळ सुचलंच नाही!

“बाबा, पुढची लावू?”

बाबांनी घाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. इंजिन धडधडत होतं.

“लाव बाय,” ते म्हणाले. “लाव.”

मी दांडा टाकला, क्लच सोडला.

मंडळी, ज्यांनी जुनी जीप चालवलीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. पुढची लागली की स्टेअरिंग हातात जड होतं. गाडीचं नाक जरासं खाली दबतं आणि मग ओढ बसते, पुढून. ती ओढ मला बसली! मनगटापर्यंत बसली! डावरी एकदा थरथरली आणि चढायला लागली. धावत नाही, एकसारखी, न घसरता. शेवंताकाकी बाजूला उडी मारून ओरडली, “मुडदा बशिवला तुझा, तोंडार चिखल मारलंस!” आणि लगेच, “चढली! चढली गो बायांनो, चढली!” मागून सहा जणींचा असा कल्लोळ उठला की पऱ्यातले बगळे उडाले. मी पण ओरडत होते, रडत होते, काय करत होते देव जाणे. सड्यावर आलो तेव्हा माझ्या मुठी स्टेअरिंगवरून सुटत नव्हत्या.

देवरुखला डॉक्टरांकडे सापाचं इंजेक्शन होतं. त्यांनी लगेच सुरू केलं आणि म्हणाले, बरं झालं आणलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या लघवीतून जाणारं रक्त थांबलं तेव्हा आई भिंतीला टेकून बसली आणि पहिल्यांदा हमसून हमसून रडली.

त्याच दुपारी मी कपडे आणायला गाडी घेऊन घरी आले. उतार होता, अलगद सोडली. अंगणात डावरी उभी केली, तिचा चिखल काढायचा म्हणून पाण्याची बादली घेऊन खाली शिरले. लाडच करत होते म्हणा ना तिचे.

आणि खाली शाफ्टच नव्हता.

नीट सांगते. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना घेऊन जातो तो एक लोखंडी दांडा, मनगटाएवढा जाड, गाडीच्या पोटाखाली असतो. त्याला शाफ्ट म्हणतात. तो नसेल तर वरचा छोटा दांडा दहा वेळा टाका, पुढच्या चाकांना काही कळत नाही. मी हात लावून बघितला. मोकळी जागा! बोल्टसुद्धा नाहीत, भोकं रिकामी. तशीच पाठीवर पडून राहिले, बादलीतलं पाणी पाठीखाली आलं तरी.

आई नंतर म्हणाली, “ता होय? तू मामाकडे होतीस तेव्हा त्यानी काढलानी. क्रॉस का काय तो मोडलाय म्हणाले, नवीन आणायचा होता.” क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा. शाफ्ट पडवीत होता, गोणपाटात गुंडाळून, तेल लावून. बोल्ट चिंधीत बांधलेले.

आता तुमच्या शंका. मला माहीत आहेत, मी स्वतःच सगळ्या काढल्यात. सहा बायकांनी ढकलली? त्या आधीपासूनच ढकलत होत्या, आणि गाडी मागे येत होती. गवताच्या भाऱ्यांवर चढली? भारे पुढच्या चाकांखाली होते, फिरत होती मागची. चाकाखाली कडक कातळ लागला? मग शेवंताकाकीच्या तोंडावर चिखल कुठून आला? ती पुढे उभी होती, पुढच्या चाकाच्या बाजूला. मागच्या चाकाचा चिखल मागे उडतो, वळसा घालून पुढे येत नाही! काकीचं लुगडं छातीपासून डोक्यापर्यंत लाल झालं होतं. तिला शाफ्ट म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तिला खोटं सांगायचं काही कारणच नव्हतं.

आणि माझं समाधान होईना म्हणून तिसऱ्या दिवशी मी परत प्रयोग केला. तीच घाटी, त्याच सहा बायका, “हिला खूळ लागलंय” म्हणत का होईना पण आल्या. चिखल तर थोडा सुकलाही होता. दुसऱ्या वळणावर पुढची लावली. स्टेअरिंग हलकंफूल. पुढची चाकं मढ्यासारखी थंड. डावरी एक फूट चढली नाही. गाडी पऱ्याशी सोडली, चालत सड्यावर गेले आणि एस्टी पकडून देवरुख गाठलं.

तीस वर्षांत मी हे जुन्या जुन्या मेकॅनिकांना विचारलंय. एक जण म्हणाला, ताई, शाफ्ट त्या दिवशी असणार, नंतर काढला असणार. काढणार कोण? बाबा खाटेवर, मी आणि आई त्यांच्याजवळ. बाकीचे हसले. मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

आठव्या दिवशी बाबा दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून पेज पीत होते. मी धीर करून म्हणाले, “बाबा, शाफ्ट पडवीत आहे.”

“हाय तर. मीच काढलाय.”

“मग तुम्हाला माहीत होतं?”

“मला नाय तर कोणाला म्हायत असणार?”

“मग मी विचारलं तेव्हा ‘लाव’ कशाला म्हणालात?”

ते पेजेत चमचा फिरवत बसले. मग म्हणाले, “तू विचारलंस तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघितला. नाय म्हटला असता तर तुला तिथल्या तिथंच कळला असता, बापूस आता जातोय. मग तू तिथं चिखलात बसून काय केला असतंस गो? म्हटला, लावू दे. गाडी नाय चढली तर बोलशील, गाडीच नाय चढली, मी सगळा केला. जन्मभर मनाला लावून तरी घेणार नाय.”

मरायला टेकलेला माणूस, आणि माझं पुढचं आयुष्य बघत बसला होता! इतका राग आला, इतका राग, की मी शेजारच्या खाटेवरचे लोक बघत असताना हमसत ओरडले, “खोटं बोललात माझ्याशी!”

“होय,” बाबा म्हणाले. पेजेची वाटी माझ्या हातात दिली, धोतराने तोंड पुसलं. “पण गाडीनंही ऐकलान ना ता.”

चाळीस वर्षं झाली. याच्यापेक्षा बरं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही.