तिसरी ओळ वाकडी

बस गं जरा निवांत, यावेळी लिहीत नाही, बोलून पाठवतेय. फोन कानाला लाव आणि शेवटपर्यंत ऐक. आधी तुला बोलून घेते, गोड मागनं बोलेन. मी तुला एवढा मोठा निरोप लिहिला, चष्मा दोनदा पुसून लिहिला, की मैत्रिणीचं मन दुखावलं असेल तर इंग्रजीत काय लिहायचं असतं. आणि तू काय पाठवलंस? अंगठा. पिवळा अंगठा. आता मावशीनं त्या अंगठ्याचं काय करायचं? बरं झालं म्हणायचं, की बघू म्हणायचं?

राग नाही हं. ऑफिसात असशील, समोर साहेब असेल, कळतं मला. पण त्या अंगठ्यानंतर इकडं काय काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

त्या गोधडीवाल्या ग्रुपात मला तूच घातलंस. म्हणालीस, मावशी, जगभरातल्या बायका आपापल्या गोधड्यांचे फोटो टाकतात, तू तुझ्या वाकळीचा टाक. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पुढचं तुझ्या जुन्या पुस्तकांतनं आणि त्या पाठ निघालेल्या डिक्शनरीतनं उचललेलं. तेवढ्यावर मी आत शिरले. जाताना तू एकच शिकवलंस, प्रत्येक वाक्याला प्लीज लाव आणि थँक्यू म्हण, नाहीतर ते लोक उद्धट समजतात.

आता आपल्या घरात कोण कुणाला प्लीज म्हणालं होतं सांग. वाढ गं, पाणी आण गं, सरक तिकडं. पाणी दिल्यावर मी आईला आभारी आहे म्हटलं असतं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आभार परक्याचे मानतात, घरच्या माणसाला तसं म्हटलं की ते माणूस लांब गेलं. पण तू सांगितलंस म्हणून मी मिठासारखं प्लीज घालत सुटले. प्लीज तुमची गोधडी प्लीज छान आहे. बायकांनी बदाम पाठवले. मला वाटलं, जमतंय की.

मग ती आली, फिनलंडची. इंग्रजी तिचंही नव्हे, शिकलेलंच. तिच्या बोलण्यात प्लीज नाही, थँक्यू नाही, काही नाही. पहिलाच निरोप, या टाक्याची मागची बाजू दाखव. मी म्हटलं, ही कोण गं माझ्या सासूबाईंसारखी. पण दाखवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, दोरा दुहेरी का. सांगितलं. तिसऱ्या दिवशी स्वतः शिवून फोटो टाकला, खाली लिहिलं, जमलं. बास.

अशी वर्षभर आमची दोस्ती. दुपारी माझी भांडी आवरून व्हायची तेव्हा तिकडं तिची कॉफी व्हायची. दोघीही त्या इंग्रजीच्या घरात पाहुण्या, म्हणून एकमेकींना धरून बसलेल्या. बाकीच्या बायका तिच्याशी जरा जपून असायच्या, पण मला ती बरी वाटायची. तिच्या त्या एका ओळीत मला आपल्या गावाकडचं कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

तिच्या लेकीला लई वर्षांनी दिवस गेले. त्या बाळासाठी तिनं गोधडी केली. पांढरे, आभाळी आणि हळदी रंगाचे चौकोन, सगळे हातानं शिवलेले, ओळी अशा की पट्टी ठेवून बघावं. फोटो टाकला आणि बायकांनी नुसती उधळण चालवली. अप्रतिम, सुंदर, स्वर्गीय, मी तर रडलेच, असं सगळं. पन्नास-साठ जणी तरी असतील. मी वाचत गेले तशी फोटोवरनं बोटं ओवाळून कडाकडा मोडली. अगं, इतक्या वर्षांनी येणारं लेकरू, अजून आलं पण नाही, आणि त्याच्या पांघरुणावर एवढ्या नजरा.

तुझ्या आजीला तू पाहिलं नाहीस. मोहोळकडची बाई. माझ्या आधीची दोन गेली होती, म्हणून मला कधी चांगलं म्हणू द्यायची नाही कुणाला. कुणी म्हणालं, पोरगी देखणी आहे की, तर लगेच म्हणायची, "कशाची देखणी, नकटी हाय. उकिरड्यावर सापडलीया." आणि हे म्हणताना माझं डोकं असं पोटाशी धरायची. मला कधी वाईट वाटलं नाही. उलट वाटायचं, आता मला काही होत नाही.

तर मी तेच केलं. लिहिलं, तिसरी ओळ वाकडी आहे. निळा रंग जुन्या फडक्यासारखा दिसतो. एका कोपऱ्यात काळा टाका घाल. आणि मुद्दाम प्लीज लावलं नाही. प्लीज लावून नाव ठेवलं तर नजरेला खरं वाटेल का? तिसरी ओळ सुतात होती. मी आपली बोट ठेवायला कुठलीतरी एक धरली.

तासाभरात माझं लिहिलेलं गायब. ग्रुप चालवणाऱ्या बाईचा मला निरोप आला, इतका गोड की काय सांगू. धन्यवाद काय, तुमच्या उत्साहाची कदर काय, प्लीज तर चारदा. मी खूश. शेजारणीला दाखवायला घेऊन गेले. आपली ती तेलुगू बोलणारी शेजारीण, मागावाल्यांच्या घरातली, मला अक्का म्हणते ती. इंग्रजी शाळेत पंचवीस वर्षं आया होती, असली पत्रं तिनं पालकांच्या हातात दिलेली. तिनं वाचलं आणि फोन परत दिला.

"अक्का, ही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडायलीय. अजून एकदा असं केलं तर बाहेर."

"एवढं गोड बोलून?"

"बाहेर काढताना गोडच बोलतेत अक्का. माझ्या सुनेला विचारा."

ग्रुपाचं मला काही वाटलं नाही. पण ती फिनलंडची गप्प झाली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मी भांडी आवरून फोन हातात घेऊन बसायची आणि तिकडनं काही नाही. एकदा तर आमटी खाली लागली तेवढ्यात. सारखं मनात यायचं, तिनं बाळासाठी डोळे ताणून शिवलं आणि मी त्याला फडकं म्हणाले. तेव्हा तुला लिहिलं आणि तुझा अंगठा आला.

मग मी फोनलाच सांगितलं, माफी लिहून दे. त्यानं लगेच दिली. शेजारणीनं तिचं मराठी करून सांगितलं, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.

"उद्या लाईट जाणार हाय का त्यांच्याकडं?" शेजारीण म्हणाली.

ते पुसलं. आणि दोन दुपारी बसून माझं मी लिहिलं, मोडकंतोडकं. लिहिलं, तिसरी ओळ सरळ आहे, मी खोटं बोलले. आमच्याकडं फार चांगल्या गोष्टीला वाईट म्हणतात, म्हणजे तिला काही होत नाही. माझ्या आईनं मला उकिरड्यावरची म्हटलं म्हणून मी अजून आहे, सत्तरीला आले. तू माझी आहेस असं वाटलं म्हणून तुला न विचारता नाव ठेवलं. परकीला मी छान छान म्हटलं असतं. आणि शेवटी आपण लिहितो तसं, ये एकदा घरी, भाकरी खाऊन जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मी शेजारणीला हाक मारली, एकटीनं उघडायचा धीर होईना.

लिहिलं होतं, मी चिडले नव्हते, मी उसवत होते.

अगं, तिनं खरंच मानलं. पुढं लिहिलं होतं, त्या सगळ्या सगळ्यांनाच सुंदर म्हणतात. तू वाकडी म्हणालीस, म्हणून मला वाटलं तू नीट बघितलं आहेस. पूर्ण ओळ काढली. परत शिवली. पहिल्यासारखी सरळ झाली नाही. तुझं पत्र आलं तेव्हा शेवटचा चौकोन चालला होता. आता ती वाकडी आहे. तशीच ठेवते. काळा टाका घातला. खाली फोटो. खरंच, तिसरी ओळ उजवीकडं अशी जराशी उतरलेली.

मला भारी लाज वाटली. एका म्हाताऱ्या बाईला मी हातचा टाका उसवायला लावला, तोही चांगला टाका. शेजारीण मात्र फोटो मोठा करून करून बघत होती.

"आता बघा अक्का, दृष्ट लागायला जागाच ठेवली नाय तुम्ही."

आणि सगळ्यात खाली एक ओळ होती. भाकरी खायला कोणत्या तारखेला येऊ?

शेजारणीनं ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. आपण कुणालाही म्हणतो की गं, या एकदा. मोहोळच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या बाईलाही म्हणतो. ती काय तारीख विचारते होय? शेजारीण म्हणाली, "आता घ्या. करा भाकऱ्या." पण खरं सांगू, ती ओळ वाचल्यावर मला कळलं की मी यावेळी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं नव्हतं. मी लिहिलं, बाळ झालं, बारसं झालं, की फेब्रुवारीत ये, ऊन तापायच्या आत. तिचं उत्तर आलं, बरं.

लेकीला मुलगी झाली. वाकड्या ओळीच्या गोधडीत गुंडाळलेला फोटो आलाय. मी खाली लिहिलं, नाक चपटं आहे. तिनं लिहिलं, हो, फार चपटं. तू मात्र हे त्या ग्रुप चालवणाऱ्या बाईला कळू देऊ नकोस गं.

आता तिच्यासाठी वाकळ घातलीय. माझी दोन लुगडी आणि तुझ्या आईचं ते जांभळं, जे तू ठेव म्हणाली होतीस. पण वाकळीला समोरासमोर दोघी लागतात, एक या टोकाकडनं, एक त्या टोकाकडनं, मधे येऊन भेटायचं. शेजारणीचे गुडघे खाली बसू देत नाहीत. समोरचं टोक तसंच पडलंय. शेंगाची चटणी कुटून ठेवलीय, कडक भाकऱ्या बांधून देईन जाताना.

तेव्हा अंगठा पाठवू नकोस. त्या अंगठ्यात सुई धरायला ये. आणि हे मी आपल्या रीतीनं या एकदा म्हणत नाहीये, तिच्यासारखं विचारतेय. कोणत्या तारखेला येतेस?