फोटोला हात जोडणारा

दहावीचा निकाल लागला की हैदराबादच्या खासगी कॉलेजचा एक एजंट आमच्या आदिलाबादेत घरोघर फिरतो. फीचं नंतर, आधी तो भिंतीवरचे फोटो बघतो.

आमच्याकडे वडिलांच्या फोटोच्या खिळ्याला त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराचा चंदनी हार अडकवलाय. यंदा माझी मुलगी दहावी झाली तसा एजंट आमच्याकडे आला, आणि तो हार बघून त्याने हात जोडले, डोळे पुसले. "ताई, बाबा असते तं नातीले हैदराबादलेच धाडलं असतं!"

तेवढ्यात वडीलच आतून आले. तो ओशाळला, पण वडील विरघळले. "माह्यासाठी एवढं कोणीच रडलं नाई," म्हणत त्यांनी चहा पाजला आणि नातीचं नाव देऊन टाकलं.

हॉस्टेलला निघताना माझी मुलगी उंबऱ्यात बसून रडली, "मले नाई जायचं."

वडील म्हणाले, "रडून काय होते, पोरी?"