तिसऱ्या भागातली मैत्रीण

नववीत मला मैत्री कशी होते याचं पक्कं ज्ञान होतं. फक्त मैत्रीण नव्हती.

ज्ञान आलं होतं जपानी ॲनिमेमधून. सातवी आणि आठवी अशी दोन वर्षं आमची शाळा मोबाइलवरच भरली. कॅमेरा बंद, आवाज बंद, हजेरीला एक शब्द टाइप केला की दिवस संपला. उरलेल्या वेळात मी ॲनिमे पाहत असे. आई त्यांना 'ते मोठे डोळेवाले' म्हणायची आणि मला राग यायचा. मी पाहायचे त्या बहुतेक मालिका एकाच तऱ्हेच्या मुलीच्या असत. तिला चार माणसांत बोलता येत नाही, वर्गात उभं केलं की ती थरथरते, आणि तरीही शेवटी तिच्याभोवती चार-पाच जणी जमतात. मलाही चार माणसांत बोलता येत नव्हतं. त्यामुळे उरलेलंही आपोआप होईल, अशी माझी खात्री होती.

जुनी शाळा आठवीपर्यंतच होती. नववीला नवी शाळा, नवा वर्ग. आम्ही खमरियाला, हिंदी मुलखात, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा फॅक्टरीत चार्जमन होते, म्हणजे सेक्शनमधल्या कामगारांचा पहिला साहेब. वर्गातल्या निम्म्या मुली इस्टेटमधल्याच, म्हणजे फॅक्टरीच्या वसाहतीतल्याच होत्या आणि एकमेकींना बालवाडीपासून ओळखत होत्या. त्यात मी जाऊन बसले.

ॲनिमेत घाबरलेल्या मुलीचे डोळे ठिपक्याएवढे होतात, तोंड निळं पडतं, आणि पाहणाऱ्याला हसू येतं. मला घाबरल्यावर लघवीला लागायचं. हजेरीत माझा नंबर एकतीस होता. पंचविसाव्या नंबरापासून मी मनात 'प्रेझेंट' घोकायचे आणि माझा नंबर आला की आवाजच फुटायचा नाही. मॅडम चष्म्यावरून बघत दुसऱ्यांदा पुकारायच्या. मग सगळा वर्ग वळून बघायचा. यात गोड असं काहीही नव्हतं.

दुसरी फसवणूक मला जरा उशिरा कळली. त्या मालिकांमधल्या मुलीचं मन आपल्याला ऐकू येतं. ती तोंडानं एक शब्द बोलत नाही, पण मनात सारखी बडबडत असते, स्वतःला हसते, रडते, म्हणून ती आपल्याला आवडते. माझंही मन सारखं बडबडत होतं आणि बऱ्यापैकी विनोदीही होतं, पण वर्गात ते कुणाला ऐकू येणार? त्यांना दिसत होती ती मूग गिळून बसलेली, चार्जमन साहेबांची शिष्ट मुलगी.

तरी मी प्रयत्न केले. अशा मुलीची जागा मागून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी असते. मी पहिल्याच दिवशी लवकर जाऊन ती पकडली. पण आमच्या मॅडम दर सोमवारी रांगा बदलायच्या, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात मी दाराशी, कचऱ्याच्या डब्याजवळ आले. कपाळावरून एका डोळ्यावर येणारे केस तर शक्यच नव्हते, कारण शाळेचा नियम तेल लावून दोन वेण्यांचा होता. राहिली गच्ची. ॲनिमेत एकटी मुलगी डबा घेऊन गच्चीवर जाते आणि वारा येतो. आमच्या शाळेच्या गच्चीला कुलूप होतं. कुलपाच्या अलीकडे जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर मोडके बाक रचून ठेवले होते. तिथे बसून मी डबा उघडायचे, पण घशाखाली घास उतरायचा नाही. खालून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मला फार एकटं वाटायचं. डबा तसाच परत जायचा.

बाबा फॅक्टरीत तयार माल तपासायचे. घरीही त्यांची तीच सवय. संध्याकाळी माझा डबा ते उघडत नसत, नुसता हातात उचलून वजन बघत आणि खाली ठेवत.

या मालिका साधारण बारा भागांच्या असतात. पहिल्या भागात मुलगी एकटी असते, दुसऱ्यात तिची फजिती होते आणि तिसऱ्यात मैत्रीण येते. आठवड्याला एक भाग असं मी धरून चालले होते. आणि खरंच, तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मधल्या सुट्टीत जिन्यावर पावलं वाजली. वर्गातली एक उंच मुलगी, जिचं हसणं दोन वर्ग सोडून ऐकू जायचं, हातात डबा घेऊन वर आली. तिनं मोडक्या बाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यहाँ बैठूँ?"

मी मान हलवली. ती बसली. तिनं माझ्या डब्यातली भाजी न विचारता घेतली आणि तिखट आहे म्हणून पाणी प्यायली. त्या दिवशी माझा डबा रिकामा झाला.

मला किती आनंद झाला ते लपवण्यात अर्थ नाही. घरी जाऊन मी पांघरुणात तोंड खुपसून हसले. कुणीतरी मला शोधत तीन मजले चढून आलं होतं. मी काही केलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तरी ती आली होती. ॲनिमेत मैत्री अशीच येते, तेव्हाच ती खरी असते, असं माझं मत होतं.

मग ती रोज येऊ लागली. बोलायची तीच. इस्टेटमध्ये कुणाची गाडी कुणाला लागली, कोणत्या क्वार्टरच्या आंब्याला यंदा किती कैऱ्या आल्या होत्या, सगळं तिला माहीत असायचं. हळूहळू मीही बोलू लागले. आधी एक शब्द, मग एक वाक्य, मग तिला थांबवून माझं घोडं दामटण्यापर्यंत मजल गेली. मध्ये एका सोमवारी ती वर आली नाही. आईनं तिच्यासाठी दोन साबुदाणा वडे जास्त दिले होते. ते तसेच परत न्यायचे म्हणजे घरी चौकशी आली, म्हणून मी खाली जाऊन तिला घेऊन आले. वडे तिला इतके आवडले की पुढे श्रावणभर तिनं सोमवारची वाट पाहिली.

एकदा रविवारी ती आमच्या घरी आली तेव्हा मी तिला माझी आवडती मालिका दाखवली. तिनं दोन भाग शांतपणे पाहिले. मग म्हणाली, "ये लड़की मन में इतना बोलती है, मुँह से काय नहीं बोलती?" 'काय' म्हणजे त्यांच्याकडे 'का'. मला तिचं बोलणं लागलं. मी तिला म्हटलं, तुला नाही कळणार. ती म्हणाली, हओ, नहीं समझ में आता, आणि आईनं दिलेला चिवडा खात तिसरा भाग लावायला सांगितलं.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी फॅक्टरीत यंत्रं बंद असतात, त्यांना हार घालतात, आणि एरवी ज्या फाटकापलीकडे आम्हाला पाऊल टाकता येत नाही तिथे घरच्यांना आत नेतात. बाबा मला आणि आईला त्यांच्या सेक्शनमध्ये घेऊन गेले. लेथ मशीनला झेंडूची माळ, कुंकू, खाली रांगोळी. बाबांच्या टेबलापाशी एक फिटर बुंदीची पाकिटं वाटत होते. बाबांनी ओळख करून दिली: हे तुझ्या मैत्रिणीचे पप्पा. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या हातात दोन पाकिटं ठेवली आणि बाबांना मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "साहब, बिटिया अब खाना खा रही है न? हमने उसी दिन घर में बोल दिया था, कल से साथ बैठना."

बाबांनी मान खाली घातली. ते माझ्याकडे बघेनात, तेव्हाच मला सगळं समजलं. साहेबानं कामगाराला सांगितलं, कामगारानं मुलीला सांगितलं, आणि मुलगी तीन मजले चढून ड्युटीवर आली. लग्न जमवतात तशी माझी मैत्री जमवलेली होती. आणि नवरीला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

घरी येऊन दार लागल्यावर मी बाबांना विचारलं, "मैत्री काय ड्युटी आहे का, माणूस लावून द्यायला?"

"तू जेवून नव्हती राहिली," बाबा म्हणाले. "रोज डबा भरलेला वापस. मी काय करायला पाहिजे होतं?"

"ते तुमच्या हाताखाली आहेत. ते नाही म्हणू शकत होते का?"

बाबा मोजे काढत बसले. असा विचार त्यांच्या मनातच आला नव्हता, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे मला आणखी राग येत होता. इस्टेटमध्ये सगळं असंच चालतं. नळ गळला तरी सेक्शनमध्ये सांगायचं, मुलगी जेवत नसली तरी सेक्शनमध्येच सांगायचं.

नंतर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की फिटरला एवढं सांगायला बाबांना दोन दिवस लागले होते. पहिल्या दिवशी ते त्या फिटरच्या मशीनपर्यंत जाऊन तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी बोलायचं काय ते घरी आईसमोर म्हणून पाहिलं, मग गेले. माणूस कामापलीकडे कुणाशी बोलत नाही, बसमध्येही खिडकीबाहेर बघत बसतो, हे काय तुला माहीत नाही, ती म्हणाली. मला माहीत होतं. पण त्या दिवशी मला कुणाचीही कीव करायची नव्हती.

पुढचे तीन दिवस मी जिन्यावर गेले नाही. मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन एक पुस्तक उघडून बसले. ॲनिमेत अकराव्या भागात असाच गैरसमज होतो, मग दोघी पुलावर भेटतात, रडतात आणि मागे गाणं लागतं. माझा हा गैरसमजही नव्हता, खरंच तसं घडलं होतं. तिला मोकळं करणं हेच बरोबर, असं मी ठरवलं. वहीच्या शेवटच्या पानावर वाक्यं लिहिली, पाठ केली. तेव्हा बाबांची आठवण झाली आणि मी पान उलटलं.

चौथ्या दिवशी वर गेले. ती पायरीवर बसून पराठा खात होती. तिनं सरकून जागा केली. मी बसले नाही. उभ्यानंच म्हणून टाकलं की मला सगळं कळलंय, तुझ्या पप्पांना माझ्या बाबांनी सांगितलं होतं, तू आता यायची गरज नाही, तुझ्या पप्पांना काही त्रास होणार नाही. पाठ केलेलं शेवटचं वाक्य मी विसरले. ती आता डबा बंद करून उठेल आणि उद्यापासून मी पुन्हा इथे एकटी बसेन, ही भीती मला इतकी वाटत होती की कानात दडे बसले होते.

तिनं घास गिळला.

"पापा ने हफ्ते भर का बोला था," ती म्हणाली. "मेरा मन भी नहीं था. मैं तो दिन गिन रही थी. शनिवार को हफ्ता पूरा हो गया, तो सोमवार को मैं नीचे अपनी सहेलियों के साथ बैठी थी." मग माझ्याकडे पाहून जरा चिडूनच म्हणाली, "बुलाने तो तू आई थी. पूरी क्लास के सामने बोली, ऊपर चल, तेरे लिए वड़े हैं. भूल गई?"

मी विसरले होते. मला वडे आठवत होते, आईची चौकशी टाळायची होती हे आठवत होतं. पण पंचेचाळीस मुलींनी भरलेल्या वर्गात शिरून, त्यांच्या घोळक्यात जाऊन मी मोठ्यानं कुणाला तरी 'चल' म्हटलं होतं, हे माझ्या मनानं नोंदवलंच नव्हतं. एरवी एवढी बडबड करणारं माझं मन त्या दिवशी गप्प होतं, आणि बोललं होतं तोंड.

मी खाली बसले आणि माझा डबा उघडला. तिनं अर्धा पराठा माझ्याकडे सरकवला आणि तीन दिवस मधल्या सुट्टीत कुठे मेली होतीस म्हणून विचारलं. मी वाचनालय म्हटलं. ती इतक्या जोरात हसली की खालून शिपाई ओरडला.

संध्याकाळी बाबा फॅक्टरीतून आले. तीन दिवस त्यांनी माझ्या डब्याला हात लावला नव्हता. त्या दिवशीही ते ओट्याजवळून नुसते पुढे गेले. मीच डबा उचलून त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या सांगण्यावरून ती एकच आठवडा आली होती बाबा," मी म्हटलं. "पुढं मी बोलावलं."

बाबांनी डबा हातात तोलला. मग पहिल्यांदाच झाकण उघडून आत पाहिलं.

"तू बोलावलं?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"हो."

तो रिकामा डबा हातात तसाच धरून ते आत गेले, आणि आईला सांगताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. "ऐकलं का, हिनं स्वतः बोलावलं म्हणे. एका दमात."